मास्तर भूत असल्याचा दाखला

आपला बाप भूत आहे हे सरकारदरबारी सिद्ध करायला सभ्य माणसाला काय काय करावं लागतं, हे पेडण्याच्या गोकुळदास शेट्यांना विचारावं. विचारताना चपला मात्र पायातच ठेवाव्यात, कारण निघताना घालायला उसंत मिळेलच असं नाही. गोकुळदास मुळात रागीट नव्हते असं त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई सांगतात. तालुक्याच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी लोकांचे अर्ज परत पाठवले, आणि तेही अत्यंत शांतपणे. दाखला जोडलेला नाही, नकलेवर शिक्का नाही, सही मूळ सहीशी जुळत नाही. राग यायचा तो समोरच्याला. तो सगळा साठलेला राग एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली एकगठ्ठा त्यांच्या पत्त्यावर परत आला.

निमित्त एका सिनेमाचं. सिनेमाचं नाव 'प्यासी चौखट'. वाचकांनी तो पाहिला नसणार, आणि पाहिला असला तरी चारचौघांत कबूल करणार नाहीत.

गोवा राज्य होऊन नुकतं वर्ष झालं होतं आणि मुंबईहून जो तो इथे काही ना काही करायला येत होता. प्रवीण नावाचा एक दाढीवाला दिग्दर्शक भुताटकीचं घर शोधायला आला. आधी तो हरमलला गेला, मग मांद्र्याला. पण किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्या विदेशी लोकांनी धरलेल्या, आणि जिथे दोरीवर इतके रंगीत टॉवेल वाळत असतात तिथे भुताला कोण भिणार? मग कोणीतरी त्याला पेडण्यात आत पाठवलं आणि तो गोकुळदासांच्या घरासमोर येऊन थांबला. बराच वेळ बघून म्हणाला, "या घराला चेहरा आहे."

गोकुळदास तिथेच विरघळले. त्या घराला वाळवी आहे, ओल आहे, पागोळीखाली शेवाळ आहे असं आजवर अनेकांनी सांगितलं होतं. चेहरा आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. प्रवीणने भाड्याचा विषय काढला तेव्हा ते जवळजवळ दुखावले. "आम्ही घर भाड्यानं देत नाही," ते म्हणाले, "पाहुणे म्हणून या." झालं. कागद नाही, करार नाही, सही नाही. ज्या माणसाने सव्वीस वर्षं कचेरीतली टाचणीसुद्धा पोच घेतल्याशिवाय कोणाला दिली नाही, त्याने वडिलोपार्जित घर बावीस अनोळखी माणसांच्या हातात तोंडी दिलं, कारण पाहुण्याकडे कागद मागणं बरं दिसत नाही.

शेजारच्या शिवदासांनी कुंपणावरून सावध केलं होतं. शिवदास म्हणजे निवृत्त पोस्टमन, पण त्यांचा मेव्हणा डिचोलीला एका वकिलाकडे कारकून होता, त्यामुळे अर्धा कायदा त्यांना लग्नात आंदणच मिळाला होता. "गोकुळदासबाब, एक कागद करून घेवचो," ते म्हणाले. "कागदाशिवाय माणूस म्हणजे तिकीट नसलेलां पाकीट." गोकुळदासांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. ही त्यांची पहिली चूक.

दुसरी चूक त्यांनी स्वतःच्या हाताने, नारळ ठेवून केली. आपल्याकडे नवं काम सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. देवाला, गावच्या राखणदाराला आणि घरच्या पूर्वजाला सांगून मगच हात लावायचा, हा रिवाज. गोकुळदासांच्या घरी पूर्वज म्हणजे त्यांचे वडील शांताराम मास्तर. पोर्तुगीज अमलात मास्तरांनी देवळाच्या, यात्रेकरूंसाठी बांधलेल्या अग्रशाळेत तीस-बत्तीस वर्षं मराठी शाळा चालवली. अर्धं पेडणं त्यांच्याकडे शिकलं. बालकांवातून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, आत शिरलं की समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता. काळा कोट, पांढरी टोपी, झुबकेदार मिशा. म्हापशाच्या फोटोग्राफरने "जरा हसा" म्हटल्याचा मास्तरांना जो संताप आला, तो त्याने नेमका टिपला होता. त्यामुळे घरात कुठेही बसलं तरी मास्तर आपल्यालाच बघताहेत असं वाटायचं, आणि बघताहेत ते आपली काहीतरी चूक सापडल्यासारखं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी गोकुळदासांनी बावीसच्या बावीस माणसांना त्या फोटोसमोर उभं केलं. नायिका होती, खलनायक होता, लाइटवाले होते. नारळ ठेवून त्यांनी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बाबानू, आज ही मुंबयची लेकरां तुमच्या दारांत इल्ली आसत. पयल्यापासून शेवटाक मेरेन तेंच्या कामांत तुमी हुबे रवा. कोणाची वायट नदर लागू दिव नकात. आनी हे काम तुमच्याच हातान पार पडूं दी, म्हाराजा." शिवदासांनी शिकवल्याप्रमाणे सगळी कंपनी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

प्रवीण मात्र फोटोकडे टक लावून बघत होता. गोकुळदासांना वाटलं, पोरगा भाविक आहे.

पुढचे आठ दिवस घराचं जे झालं ते पद्मावतीबाईंच्या तोंडून ऐकावं. कंपनीजवळ दिवे दोनच होते, म्हणून सगळ्या रात्री भर दुपारी झाल्या. खिडक्यांना घरातल्या चादरी, सतरंज्या आणि शेवटी पद्मावतीबाईंची ठेवणीतली नऊवारी लावून काळोख केला जायचा. रक्त म्हणून वर्षाच्या बेगमीचं कोकमाचं आगळ संपलं. भूत झालेला नट स्वभावाने गरीब होता, पण सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी आणि उकडा भात तिसऱ्यांदा मागून घ्यायचा, आणि सुळे काढून ठेवायला त्याला दर वेळी स्वच्छ वाटी लागायची. घरच्यांना मागच्या पडवीत बसवलं होतं. पुढे काय चाललंय हे त्यांना किंकाळ्यांवरून कळायचं तेवढंच. एकदा लाइटवाला येऊन म्हणाला, काचेवर उजेड चमकतो, फोटो जरा हलवू का? गोकुळदासांनी मान डोलावली. उलट, विचारलं याचंच त्यांना कौतुक वाटलं.

सिनेमा डिसेंबरात म्हापशाला लागला. वाड्यावरून पन्नासेक माणसं मॅटिनीला निघाली. बायकांनी आबोलीचे वळेसर माळले होते, पुरुषांनी लग्नातले शर्ट काढले होते. गोकुळदास आणि पद्मावतीबाई बाल्कनीत पहिल्या रांगेत. पडद्यावर घर दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या. गोकुळदासांनी मागे वळून किंचित मान लववली, जणू घर आत्ताच उठून अभिनय करून आलं होतं.

मग कॅमेरा दारातून आत गेला आणि भिंतीवर चढला. वीज कडाडली. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शांताराम मास्तर पसरले. पाठोपाठ घोगरा आवाज आला की हा ठाकूर ज्वालासिंह, याने सात नवऱ्या मुलींचा गळा घोटला, आणि मेल्यावरही याचा प्यासा आत्मा या चौकटीत कैद आहे.

थिएटरात जे झालं त्याची गोकुळदासांना आजही आठवण काढवत नाही. पुढच्या खुर्चीवर पाय टाकून बसलेल्या सहा-सात म्हाताऱ्यांनी पाय झटकन खाली घेतले. एक जण तर उभाच राहिला आणि शेजाऱ्याने ओढून बसवेपर्यंत तसाच हात जोडून राहिला. आणि खालून, अगदी पुढच्या बाकांवरून, एक लांबलचक शिट्टी आली. ती बाबलीची. बाबली म्हणजे माडाला चढून ताडीसाठी सूर काढणारा, वय वर्षं बासष्ट, मास्तरांचा विद्यार्थी.

पुढचे दोन तास मास्तर प्रत्येक खोलीत होते. जिन्यावर होते, माडीवर होते, पलंगाच्या उशाशी होते. त्यांच्या डोळ्यांत लाल बल्ब पेटायचा आणि चौकटीतून तो कढीभात खाणारा नट सुळे लावून बाहेर यायचा. शेवटी नायिका आंघोळीला गेली. गोकुळदासांच्या घामाने खुर्ची ओली झाली, कारण न्हाणीघराच्या भिंतीवर, साबणाच्या फळीच्या थोडं वर, त्यांचे वडील टांगलेले होते. नायिकेला घाई नव्हती. कॅमेऱ्यालाही नव्हती. एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा मास्तरांकडे.

सिनेमा सुटला तेव्हा गोकुळदास मान खाली घालून तडक दाराकडे निघाले. शिवदास मात्र चणे खात विचार करत होते. "माका एक समजलां नाय," ते म्हणाले. "न्हाणयेत फोटो कोण लायता? भिजता मरे तो."

दुसऱ्या दिवसापासून पेडण्यात दोन तट पडले. तसे ते आधीही होतेच. राजभाषेच्या भांडणात कोकणीवाले आणि मराठीवाले अशी विभागणी होऊन सख्खे व्याही एकमेकांच्या दारातली वाट सोडून गेले होते. 'प्यासी चौखट'ने ते सगळे पत्ते पुन्हा पिसले. कट्टर कोकणीवाला आणि कट्टर मराठीवाला सोडा प्यायला एका बाकावर बसू लागले, कारण दोघांनाही मास्तरांनी बदडलं होतं. हा पहिला तट. यांना सिनेमा बेहद्द आवडला. काही जणांनी तो तीनदा पाहिला. "नटापेक्षा फोटो बरो," असं त्यांचं एकमत होतं. दुसरा तट मास्तरांना देव मानणाऱ्यांचा. यांनी सिनेमाचा धिक्कार केला, पण न्हाणीघराचा प्रसंग नीट धिक्कारता यावा म्हणून तेही एकदा पुन्हा जाऊन आले. म्हापशाच्या एका साप्ताहिकाने लिहिलं की चित्रपट टुकार आहे, मात्र भिंतीवरच्या फोटोचा अभिनय संयत. दुसऱ्या वृत्तपत्रात कोणीतरी हा समस्त गोमंतकीयांचा अपमान असल्याचं कळवलं आणि शेवटी आपण चित्रपट पाहिलेला नाही अशी प्रामाणिक तळटीप जोडली. गोकुळदासांनी दोन्ही अंक फाडले. त्यांना टीकाकाराचा राग आला, पाठीराख्याचाही आला. माझा बाप म्हणजे काय तुम्हाला चर्चेला विषय मिळाला का, हेच त्यांना प्रत्येकाला धरून विचारायचं होतं.

खरा घाव पुढे बसला. अग्रशाळेशेजारी नवं वाचनालय उभं राहत होतं आणि त्याला मास्तरांचं नाव द्यायचं ठरलेलं होतं. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी हळूच विषय काढला. मास्तरांविषयी आदर आहेच, पण पाटी वाचून पोरं हसली तर? एकाने "थोडे दिवस जाऊं दीत" म्हटलं, दुसऱ्याने नुसतं खाली बघितलं. वाचनालयाला 'वाचनालय' एवढंच म्हणायचं ठरलं. गोकुळदास त्या बैठकीतून उठले ते कोणाचा निरोप न घेता. ज्या माणसाने पोर्तुगीज शिपायांच्या नाकासमोर लोकांना मराठी वाचायला शिकवलं, त्याचं नाव वाचण्याच्या जागेवर लावायची गावाला लाज वाटते. का, तर मुंबईच्या एका दाढीवाल्याला नवा फोटो काढायचा कंटाळा आला. हे ते रस्त्यात मोठ्याने बोलत होते असं पाहणारे सांगतात.

त्यांनी कंपनीला जळजळीत पत्र लिहिलं. सिनेमातून वडिलांचा फोटो काढून टाका, जाहीर माफी मागा. उत्तर आलं, टाइप केलेलं, अतिशय नम्र. 'आपण स्वतः संपूर्ण युनिटसमोर, मोठ्या आवाजात, आपल्या कै. वडिलांना आमच्या कामात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहण्याची आणि ते त्यांच्याच हातून पार पाडण्याची विनंती केली होती. त्यास युनिटने संमती दिली. बावीस साक्षीदार आहेत. आपल्या वडिलांच्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत.'

शिवदासांनी ते पत्र दोनदा वाचलं. मेव्हण्याचा कायदा आठवत म्हणाले, "तोंडी करार, गोकुळदासबाब. वयर आनी देवासमोरचो. होच्यापेक्षा घट आनी काय आसतलो?"

मग गोकुळदास सिनेमाविरुद्ध तक्रार घेऊन पणजीला निघाले. कोणत्या कार्यालयात, ते सांगत नाही, त्यांची पेन्शन अजून सुरू व्हायची आहे. पहिल्या खेपेस मराठीतला अर्ज बघून एका टेबलाने सांगितलं, कोकणीत आणा, आता राज्य झालंय. कोकणीत लिहून नेला तेव्हा शेजारचं टेबल म्हणालं, मराठी चालते की, तुम्हाला कोणी सांगितलं? पण छापील फॉर्म फक्त इंग्रजीत आहे आणि तो संपलाय. तिसऱ्या खेपेस फॉर्म मिळाला. चौथ्या खेपेस तो प्रज्योत नावाच्या अधिकाऱ्यापुढे पोचला. वय तिशीच्या आतलं, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याने फॉर्म संपूर्ण वाचला, आणि गोकुळदास खुर्चीत सावरून बसले, कारण असं शांतपणे वाचणाऱ्या माणसाला ते आतून ओळखत होते.

"तुमची तक्रार ठाकूर ज्वालासिंह यांच्याबद्दल आहे," प्रज्योत म्हणाला. "तुमचा त्यांच्याशी संबंध काय?"

"ते माझे वडील."

"पण इथे वडिलांचं नाव शांताराम शेट्ये आहे."

"अहो, फोटो शांताराम शेट्यांचा आहे. ज्वालासिंह सिनेमातलं नाव."

"तेच म्हणतो मी. नावं दोन आहेत. मग शांताराम शेट्ये आणि ठाकूर ज्वालासिंह ही एकच व्यक्ती असल्याचा दाखला लागेल. तुमचं स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, आणि त्यांना ओळखणाऱ्या किमान पंचवीस स्थानिक रहिवाशांच्या सह्या. नियम तुम्हाला माहीतच असेल."

माहीत होता. नावात एका अक्षराची तफावत निघाली म्हणून त्यांनी स्वतः किती विधवांना, किती म्हाताऱ्यांना हाच दाखला आणायला तीन-तीनदा घरी पाठवलं होतं. तेव्हा तो नियम त्यांना फार सुंदर वाटायचा. आता त्यांना टेबलावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटला. पण सव्वीस वर्षांची सवय आड आली. "बरं," एवढंच म्हणून ते बाहेर पडले.

नोटरीपुढे त्यांना वाचून दाखवावं लागलं: मी, गोकुळदास शांताराम शेट्ये, शपथेवर सांगतो की सात स्त्रियांचा गळा घोटणारा, रक्तपिपासू, चौकटीत कैद असलेला हा आत्मा माझा जन्मदाता पिता आहे. नोटरीने चष्मा खाली करून विचारलं, "नक्की?" गोकुळदास "हो" म्हणाले. बाहेरच्या बाकावर जमिनीच्या कामासाठी बसलेली दोन माणसं हळूच उठून दुसऱ्या बाकावर गेली.

सह्या मिळवणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. मास्तरांना मानणारी माणसं गावात काय कमी? ते आधी सत्यवतीबाईंकडे गेले. मास्तरांनी लोकांच्या शिव्या खाऊन शाळेत बसवलेली ही पहिली मुलगी, पुढे स्वतः शिक्षिका होऊन निवृत्त झालेली. त्यांनी कागद वाचला आणि लेखणी बाजूला ठेवली.

"ज्वालासिंह आणि मास्तर एकच, म्हणून मी सही करू? माझो हात झडतलो, गोकुळदासा."

"पण बाय, ते एकच आहेत असं लिहून दिलं तरच ते एक नाहीत असं करता येईल."

"ते तुमच्या कचेरीचे गजाली. ज्यांनी माका अक्षर दिलां, तेंका हांव भूत म्हणूंचंय नाय."

सगळीकडे हेच. जो मास्तरांना मानत होता तो सही द्यायला तयार नव्हता. एकाने फोटो मास्तरांचा नव्हेच असं ठासून सांगितलं, निदान तसं म्हणायला तरी काय हरकत आहे अशी वर समजूत घातली. एकाने कागदाला कुंकू लावून तो परत केला. आठ दिवस वणवण करून गोकुळदासांच्या हाती एकही सही नव्हती. ते घरी येऊन फोटोखालच्या कदेलीवर बसले आणि म्हणाले, "तुमच्या चांगल्या माणसांचा काही उपयोग नाही." पद्मावतीबाईंनी हे कोणाला उद्देशून होतं ते विचारलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाबली स्वतःच आला. "सयो व्हये म्हणान आयकलां," तो म्हणाला. "दी हांगा कागद. होच तो. हेणेंच मारलो माका."

"मी तुझ्याकडे आलो नव्हतो."

"कळ्ळां माका. म्हणान हांव इलंय."

गोकुळदासांची लाज आणि संताप यांची आत झटापट झाली आणि गरज जिंकली. दुपारपर्यंत बाबलीने आपल्या अंगणात सगळा पहिला तट जमवला. गाडीवान, मासेमार, एक न्हावी, खाणीवर ट्रक चालवून थकलेले दोघे. आणि प्रत्येकाने सही करण्याआधी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. एकाला पाटीवर ओळ तिरकी गेली म्हणून उन्हात उभं केलं होतं. एकाच्या बोटांच्या पेरांमध्ये पेन्सिल घालून दाबली होती. बाबलीने तळहात पुढे केला. "र काडताना पोट सुटलां म्हणान बारा छड्यो. दुसऱ्या दिसा परत बारा, कित्याक तर र बरो इलो पण शिरोरेखा वाकडी. बापायन विचारल्यान तर सांगलां, माडावयल्यान पडलंय."

"तुमच्या भल्यासाठीच ना," गोकुळदास ओरडले.

"आमच्या भल्याक तुमी खंय आसलास?" बाबलीही चढला. "तुमका एक तरी छडी लागली काय?"

गोकुळदासांनी कागद बाबलीपुढे ढकलला आणि "घाल सही" म्हणून दरडावलं. सगळे भांडत होते आणि सह्या करत होते. नुसतं नाव खरडून कोणी उठलं नाही. ओल्या फडक्याला हात पुसून, मांडी घालून, जीभ ओठांत धरून प्रत्येकाने स्वतःचं, बापाचं आणि गावाचं नाव सावकाश लिहिलं. पंचवीस पुरे होत्या, एकतीस झाल्या. आपल्या बापाचे एकतीस वैरी खिशात घालून गोकुळदास घरी आले. रागाने त्यांना जेवण गेलं नाही. त्यांना बाबलीचा राग येत होता, आणि त्या छड्या खोट्या आहेत असं म्हणता येत नव्हतं याचा त्याहून जास्त.

पणजीला प्रज्योतने कागद उलगडले. आधी प्रतिज्ञापत्र, मग फॉर्म, मग सह्या. सह्यांवर तो थांबला. पान उजेडाकडे धरलं, पुन्हा टेबलावर ठेवलं, एक सही बोटाने दाखवली, मग तिच्या खालची, मग शेवटची. त्याचा मऊ आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला.

"शेट्येबाब, तुम्ही स्वतः हेडक्लार्क आहात. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"काय झालं?"

"एकतीसच्या एकतीस सह्या एकाच माणसानं केल्या आहेत. बघा ना."

गोकुळदास चिडून पुढे वाकले. अंगणातल्या भांडणात त्यांनी सह्या मोजल्या होत्या, बघितल्या नव्हत्या. बाबलीचा र, ट्रकवाल्याचा र, न्हाव्याचा र, सगळे टपोरे, पोट आत ओढून ताठ उभे. शिरोरेखा पट्टीने मारल्यासारखी सरळ. नावाच्या शेवटी बारीकशी तिरकी रेघ. माडावर चढून चढून ज्याची बोटं वाकडी झाली होती त्याचं आणि जन्मभर वल्हं मारलेल्याचं अक्षर एकच होतं. घरातल्या जुन्या पोथ्यांच्या पुठ्ठ्यांवर, पंचांगाच्या कोपऱ्यात, बाजारहाटाच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी ते लहानपणापासून पाहिलं होतं.

"कोणाचं अक्षर आहे हे?" प्रज्योतने विचारलं. "तुमचं?"

"माझं नाही."

प्रज्योतने प्रतिज्ञापत्राखालची अर्जदाराची सही पाहिली. ती खरंच वेगळी होती, कोंबडीने उकिरडा उकरावा तशी. गोकुळदास मास्तरांच्या शाळेत कधी बसलेच नव्हते. पोराला सरकारी नोकरी लागावी म्हणून मास्तरांनी त्यांना पोर्तुगीज शाळेत घातलं होतं आणि मग पणजीला लिसेवमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी हायस्कुलात. मराठी लिहायला ते मोठेपणी, आपले आपण शिकले. गावाने बापाकडून मार खाल्ला आणि अक्षर नेलं. त्यांच्याकडे मार नव्हता, अक्षर नव्हतं. फोटो होता.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. प्रज्योतला वाटलं, माणूस पकडला गेल्यामुळे घामाघूम झालाय. त्याने जरा समजुतीने सांगितलं की प्रकरण इथेच मिटवू, अर्ज मागे घ्या.

"मागे घेत नाही," गोकुळदास म्हणाले. त्यांचा आवाज चढला आणि आजूबाजूची टेबलं वर बघू लागली. "फेटाळा. पण तोंडी नाही चालणार. एकतीसही अक्षरं एकाच माणसाची आहेत, हे लिहून द्या. मराठीत लिहा. खाली तुमची सही, हुद्दा, तारीख."

"पण त्याने तुमचंच नुकसान आहे."

"ते माझं मी बघतो. तुम्ही लिहा."

प्रज्योतने खांदे उडवले आणि लिहिलं: 'सोबतच्या एकतीस सह्यांची तपासणी केली असता त्या सर्व एकाच व्यक्तीच्या हातच्या असल्याचे स्पष्ट दिसते. सबब अर्ज नामंजूर.' खाली सही केली, शिक्का उचलला आणि घाईत एका कडेने दाबला. गोल अर्धाच उमटला.

गोकुळदासांनी कागद त्याच्याकडे परत सरकवला. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला होता, तो तसाच हातात होता.

"शिक्का नीट मारा," ते म्हणाले. "फ्रेम करायचाय मला."